मधल्या धोंड्यावरची हाळी

"जीभ मागं वळव. टाळूला टेकव. हां, आता सोड. घाई नको, तुझ्या मागं कुणी लागलेलं नाही."

सासू जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, पण हा आवाज काही धाकटीच्या कानातून गेला नव्हता. चूल फुंकताना, गोठा झाडताना, पाटाच्या काठानं चालताना तो मध्येच कानाशी येऊन बसायचा. दमेकरी बाईचा, थांबत थांबत येणारा मऊ आवाज. आज तर तो सकाळपासून कानातून उठलाच नव्हता. धाकटी पाटावरच्या मधल्या धोंड्याकडे निघाली होती, अख्खं गाव तिच्या पुढंमागं चालत होतं, आणि कानात सासू सांगत होती, घाई नको.

घरातली धाकटी सून म्हणून ती धाकटी. पन्नाशी उलटली, केस पिकले, नवरा जाऊन आठ वर्षं झाली, तरी गावाच्या तोंडी धाकटीच.

एकतीस वर्षांमागं तिचा नवरा डोंगरापलीकडच्या खाणीत दगड फोडायला गेला आणि येताना दोन घोंगड्या आणि एक बायको घेऊन आला. घोंगड्यांचं गावानं कौतुक केलं असतं. बायकोचं करणार नाही, हे सासूला दार उघडल्या उघडल्या कळलं. पलीकडची माणसं दर उन्हाळ्यात डोंगर उतरून कामाला यायची, दगड फोडायची, विटा पाडायची, पाऊस लागायच्या आत परत जायची. त्यांची बोली गावाच्या कानाला पाखरांच्या कलकलाटासारखी लागायची, म्हणून गाव त्यांना चिवचिवे म्हणायचं. कोंबडी हरवली, की चिवचिव्यांनी खाल्ली. विहिरीला गढूळ पाणी आलं, की चिवचिव्यांनी पाय धुतले.

सासूनं दाराला आतून कडी घातली आणि नव्या सुनेला समोर उभं केलं. "काय हवं ते बोलून दाखव."

"पानी," सून म्हणाली. मग जरा घाबरून, "जास्त कलत नाही मला."

सासू तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग लेकाला म्हणाली, "उद्यापासून हिचा घसा बसलाय. कुणी विचारलं तर आजारात आवाज गेला म्हणायचं. माहेर लांबचं. नाव सांगूनही कळणार नाही, एवढं लांबचं."

असा तो घसा वर्षभर बसला. गावातल्या बाया हळहळल्या. कुणी मध आणून दिला, कुणी मिरी, कुणी तापवलेल्या विटेचा शेक सांगितला. धाकटी मान हलवायची, मध चाटायची आणि गप्प बसायची. आणि उन्हं कलली की सासू तिला गोठ्यात न्यायची. तिथं म्हशीशिवाय कुणी ऐकायला नव्हतं, आणि म्हैस कुणाला सांगणार नव्हती. म्हशीची पाठ चोळता चोळता सासू हलक्या सुरात म्हणायची,

तळ्यात कमळ, ओंजळीत फळ,
शीक गं पोरी एवढा ळ.
काळी माती, पिवळं ऊन,
वळव जीभ गं, माझी सून.

धाकटीची जीभ वळायची नाही. पलीकडच्या बोलीत तो आवाजच नव्हता. जीभ कुठं न्यायची तेच तिला कळायचं नाही, दातांमागं जाऊन आपटायची. तल्यात कमल. ओंजलीत फल. कधीकधी ती रडायची. सासू म्हणायची, "रड. पण रडताना तोंड उघडं ठेव, जीभ तेवढीच मोकळी होईल." एके दिवशी म्हशीनं शेपटी मारली, आणि धाकटीच्या तोंडून रागानं निघालं, "ओंगळ कुठली." सासूनं हातातला पेंढा खाली टाकला. "परत म्हण," ती म्हणाली. "म्हशीला शिवी दे, पण परत म्हण."

वर्षानं घसा उघडला तो असा, की गाव थक्क झालं. सून लांबची, पण बोलणं खणखणीत, एकेक अक्षर निवडून ठेवल्यासारखं. थोरली जाऊ तेव्हा नवऱ्याबरोबर शहरात गिरणीच्या खोलीत राहत होती. ती दोन वर्षांनी गावी परतली, तेव्हा तिला भेटली ती ही असली धाकटी. तिलाही कुणी काही सांगितलं नाही. सासू मरताना धाकटीचा हात धरून एवढंच म्हणाली, "माझ्यात आणि तुझ्यात." मग नवराही गेला. आता ते फक्त तिच्यात होतं.

या खणखणीत बोलण्यामुळंच तिला मधला धोंडा मिळाला.

गावाचं पाणी तलावातून पाटानं येतं. वरती तलावाचं दार, तिथं पाटकरी. खाली शेवटाला रस्त्याखालची मोरी, माणूस वाकून आत शिरेल एवढी. मध्ये टेकाडाचा कोपरा, म्हणून वरच्याला खालचं दिसत नाही आणि खालच्याचा आवाज वर पोचत नाही. खोलगट जागा, फोनही लागत नाही. म्हणून कोपऱ्यावर एक मोठा धोंडा आहे आणि धोंड्यावर एक माणूस बसतो. पाळीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दिवशी शेवटचा माणूस मोरीत वाकून बघतो, आत माणूस नाही, ढोर नाही, पोर नाही. मग तो हाळी देतो, "पाट मोकळा!" मधला ती उचलून वर देतो. पाटकरी ऐकतो आणि दाराचं चाक फिरवतो. मध्येच काही दिसलं, तर त्याच वाटेनं "थांबव" जातं. आवाजाचा हा दोर पिढ्यान्‌पिढ्या तुटला नव्हता. पाटकऱ्याची एक सवय मात्र गावाला पाठ होती. हाळी ऐकली की तो आधी विडी पेटवायचा, ती ओढून झाली की चाकाला हात घालायचा. गावातली तरणी पोरं त्या विडीवर हिशेब धरून चालायची. हाळी गेली तरी विडीभर वेळ आहे, तेवढ्यात मोरीतला कचरा ओढून काढू, राहिलेलं खोरं आणू. विडीनं कधी दगा दिला नव्हता.

या तरण्या पोरांतलाच एक थोरलीचा पोर. थोरली दिवसभर रानात, धाकटीला मूलबाळ नाही, म्हणून तो धाकटीच्या मांडीवर वाढला, तिच्या ओव्या ऐकत बोलायला शिकला. तळ्यात कमळ, ओंजळीत फळ. त्याचा पहिला धड शब्द "आभाळ". थोरली हसून म्हणायची, "आमच्या घराण्यात कुणाचं बोलणं एवढं स्वच्छ नाही बाई. हा कुणावर गेलाय देव जाणे." धाकटी ताटातलं खरकटं गोळा करत राहायची. आता तो चोवीस वर्षांचा झाला होता.

गेल्या वर्षी पाटाच्या शेवटचं रान वीटभट्टीला गेलं. तिथला हाळीवाला म्हातारा मुलाकडे राहायला गेला. पाळीच्या दिवशी तिथं उभं कोण राहणार, म्हणून पाटकऱ्यानं भट्टीवरच्या एका बाईला सांगितलं. तिची झोपडी मोरीला लागूनच होती. पलीकडची, अंगानं काटकुळी, हात कोपरापर्यंत लाल मातीचे. गाव तिला भट्टीवाली म्हणू लागलं.

पहिल्याच दिवशी तिची हाळी आली, "पाट मोकला!"

आठवडाभर गावातली पोरं एकमेकांना मोकला म्हणून चिडवत होती. कुणीतरी पाटकऱ्याकडे तक्रार नेली. तो म्हणाला, "मोकला तर मोकला. पाणी काय शुद्धलेखन तपासून वाहतंय?"

एकदा तिन्हीसांजेला धाकटी गवत घेऊन मोरीवरून येत होती. खालून आवाज आला. भट्टीवाली मोरीच्या तोंडाशी उकिडवी बसून आतल्या अंधाराला शिकवत होती. मोकला. मोकला. मोकडा. मोरी तेच तिला परत द्यायची, आणखी खोल करून. धाकटीला तिथून निघून जाता आलं असतं. पण तिचे पाय उतार उतरून खाली गेले, आणि तोंडातून सासू बोलली.

"जीभ मागं वळव. टाळूला टेकव. आता सोड."

भट्टीवालीनं वर बघितलं. मग आपल्या बोलीत भरभर काहीतरी विचारलं. तू कुठल्या गावची, आई? हेच विचारलं. कारण या मातीत जन्मलेल्याला आपली जीभ कुठं जाते ते कधी सांगता येत नाही. ते फक्त शिकलेल्याला येतं.

एकतीस वर्षांत कुणी तिला त्या बोलीत आई म्हटलं नव्हतं.

"काय म्हणतेस, मला कळत नाही," धाकटी म्हणाली आणि गवताचा भारा सावरत चढ चढून गेली. मागून पुन्हा आवाज आला नाही.

त्यानंतर तो दिवस. परवाचा.

ऊन सकाळीच पांढरं झालं होतं. भट्टीचा धूर वर न जाता रानावर आडवा पडला होता. धाकटी धोंड्यावर बसली होती, आणि थोरली कधी नव्हे ती चहाची किटली घेऊन तिच्या शेजारी येऊन टेकली होती. खालून हाळी आली, मोकला. धाकटीनं ती उचलली, नीट करून वर दिली, "पाट मोकळाऽऽ!" वरून पाटकऱ्याचा हूं आला. म्हणजे विडी पेटली.

थोरलीनं कपात चहा ओतला. तेवढ्यात खालून पुन्हा आवाज आला. हाळीसारखा नव्हता तो. उंच, फाटलेला, एकाला एक शब्द लागून धावत आलेला.

थोरली हसली. "ऐक गं, तुझी चिमणी चिवचिवायला लागली. काय म्हणतीय?"

धाकटीला शब्द न शब्द कळला होता. दार थांबवा, आत माणूस आहे, पाय अडकलाय, लेकरू आत आहे, दार थांबवा.

आणि तिच्या तोंडून निघालं, "मला काय कळतंय त्यातलं."

विचार करून बोलली असती तर वेगळी गोष्ट होती. एकतीस वर्षं रोज घासून गुळगुळीत झालेलं वाक्य होतं ते, श्वासाच्या आधी बाहेर पडायचं. ते पडलं, आणि आता थोरली कप पुढं करून तिच्याकडे बघत होती. आत्ताच कळत नव्हतं, तर आता कसं कळलं म्हणून सांगणार? धाकटी उठून उभी राहिली. तोंड उघडलं. जीभ मागं वळली ती तशीच राहिली.

"जाऊन बघते," एवढंच ती म्हणाली आणि पाटाच्या काठानं खाली पळत सुटली.

वाऱ्यावरून विडीचा वास आला होता का, तिला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की निम्म्या वाटेवर बाजूच्या कोरड्या पाटातून सळसळ आली. पाण्याचं पहिलं टोक काटक्या, पाला, फेस पुढं ढकलत तिच्या बरोबरीनं धावायला लागलं. तांबडी, लांब जीभ. एक क्षण दोघी बरोबर होत्या. मग जीभ पुढं गेली.

थोरलीचा पोर मोरीत अडकलेली फांदी ओढायला शिरला होता, विडीच्या भरवशावर. आतल्या जुन्या तारेत पाय गुंतला. भट्टीवालीनं आधी ओढून बघितलं, मग वर येऊन ओरडली, मग कुणी थांबवत नाही म्हणून परत आत शिरली आणि भट्टीवरची माणसं येईपर्यंत त्याचं डोकं पाण्यावर धरून बसली. बाहेर काढला तेव्हा तो जिवंत होता. जीपमधून तालुक्याला नेला. त्यानं डोळे उघडले नव्हते, अजूनही उघडले नव्हते. थोरला दीर तिकडेच होता.

"ओरडली असती तर पोरावर ही वेळ आली नसती," गाव म्हणायला लागलं. "हाळी देऊन झोपली असणार. नाहीतर मुद्दामच."

"मी बोलली. दोन वेला बोलली," भट्टीवाली सांगत राहिली. जेवढे शब्द येत होते तेवढे सगळे तिनं वापरून संपवले. मग नुसते हात पुढं केले. तारेनं कापलेले.

पाटकऱ्यानं पहिल्याच दिवशी धाकटीला विचारलं होतं. "तुझ्या कानाइतका कान गावात नाही. दुसरी हाळी आली होती?"

धाकटीच्या आधी थोरली म्हणाली, "मी होते ना तिथं. काही आलं नाही."

दोघींची नजर एकमेकींवर गेली आणि खाली वळली. थोरलीला आपलं हसणं आठवत होतं. धाकटीला आपलं वाक्य. आणि सगळ्यांत जड गोष्ट ही, की भट्टीवालीनं एकदाही धाकटीकडे बोट केलं नाही. हिला कळतं, हिला विचारा, एवढं म्हणायला तिच्याजवळचे शब्द पुरले असते. ती धाकटीकडे बघायची आणि गप्प व्हायची, जणू मोरीपाशी जे समजलं ते तिच्याकडे ठेवायला दिलं होतं.

काल दुपारी थोरली भांडी घासत बसली होती. एकच तवा, कितीतरी वेळ. मान वर न करता तिनं विचारलं, "तू का पळालीस गं?"

"कधी?"

"कळलं नव्हतं म्हणालीस. मग किटली लाथाडून का पळालीस?"

धाकटीनं विसळलेली भांडी उचलली. "वाटलं काहीतरी."

"काय वाटलं?"

"तसंच. वाटलं."

थोरलीनं तवा पालथा घातला. "माझं पोर उठलं की मी सगळ्यांना विसरेन," ती म्हणाली. "नाही उठलं तर कुणालाच नाही."

आज सकाळी तरणी पोरं काठ्या घेऊन चावडीपुढं जमली. संध्याकाळच्या आत झोपड्या उठल्या नाहीत तर आम्ही उठवू, म्हणाली. एकाजवळ रॉकेलचा डबा होता, तो त्यानं मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. भट्टीचा मुकादम खांद्यावरचं फडकं पिळत म्हणाला, मी काय सांगू, माझी माणसं नाहीत ती, हंगामापुरती आहेत. पाटकरी म्हातारा उठला. तीन दिवसांत त्यानं विडी पेटवली नव्हती.

"हाळी घेऊन बघू," तो म्हणाला. "मोरीपाशी उभी राहू दे तिला. त्या दिवशी ओरडली तशी ओरडू दे. धोंड्यापर्यंत आवाज आला तर ती खरी, आणि धोंड्यावरच्यांना ऐकू कसं आलं नाही ते मग बघू. नाही आला तर उठा म्हणू त्यांना. पण काठी लावायची नाही."

"आणि आला तर?" डबेवाला म्हणाला.

"आला तर तू तो डबा घरी नेऊन कंदिलात ओत."

असं सगळं गाव धोंड्याशी येऊन थांबलं. पाट कोरडा होता, तळाला चिखल तडकून त्याच्या पापड्या उचलल्या होत्या. वारा पडलेला. भट्टीचा धूर त्या दिवशीसारखाच आडवा. धाकटी नेहमीच्या जागी उभी राहिली, थोरली तिच्या शेजारी, त्याच बाजूला. खाली लांब मोरीवर लाल ठिपक्यासारखी भट्टीवाली दिसत होती, आणि तिच्या मागं भट्टीवरची माणसं बोचकी बांधूनच उभी होती.

पाटकऱ्यानं फडकं हलवलं.

पहिली हाळी निघाली तशी विरली. तीन दिवस रडून, मोरीतलं पाणी पोटात जाऊन घसा गेलेला. नुसती खरखर आली, तीही धोंड्याभोवतीच्या पालापाचोळ्याची होती की काय, कुणी सांगावं. मागून पोरं हसली. "मोकला," कुणीतरी हळूच म्हणालं.

पाटकऱ्यानं पुन्हा फडकं हलवलं.

दुसऱ्या वेळी तिनं गावाच्या भाषेत ओरडायचा प्रयत्न केला. धाकटीला दिसत होतं ती काय करतीय ते. आधी शब्द गोळा करतीय, मग ते लावतीय, मग जीभ कुठं ठेवायची ते आठवतीय, आणि तोपर्यंत श्वास संपतोय. "आत... मानूस..." एवढंच आलं, तुटून, निम्म्या रानात पडून. शिकलेली भाषा घरात चालते, बाजारात चालते. जीव जात असताना ती माणसाला सोडून पळते. धाकटीला हे ठाऊक होतं. नवरा गेला त्या दिवशी ती गोठ्यात जाऊन म्हशीच्या मानेत तोंड खुपसून रडली होती, ते कुठल्या बोलीत, हे त्या म्हशीलाच माहीत.

"झालं," डबेवाला म्हणाला. "दोन झाल्या."

"तीन घेतात," पाटकरी म्हणाला आणि फडकं हलवलं.

या वेळी भट्टीवाली हलली नाही. ती धोंड्याकडे बघत उभी राहिली. गावाकडे नाही, पाटकऱ्याकडे नाही, धाकटीकडे. मग तिनं दोन्ही हात तोंडापाशी नेले, आणि आवाज आला. तिच्या स्वतःच्या बोलीतला. कुठं अडखळला नाही, कुठं शोधत थांबला नाही, कोरड्या पाटाच्या दोन काठांमधून सरळ वर येत गेला आणि धोंड्यावर येऊन आदळला. झाडावरचे दोन कावळे उडाले.

"ऐकू आलं," पाटकरी म्हणाला.

"ऐकू आलं, पण काय आलं?" पोरं म्हणाली. "काहीही असेल. शिव्या देत असेल आपल्याला."

"गाणं म्हणत असेल."

"आज ओरडली म्हणून त्या दिवशी ओरडली कशावरून?"

थोरली पुढं झाली. तिचा चेहरा तीन दिवसांत आत ओढला गेला होता. "असलं चिवचिवणं आलं असेलही त्या दिवशी," ती म्हणाली. "आलं असेल. पण ते कुणाला कळणार? माणसाच्या भाषेत ओरडायला नको? माझं पोर आत होतं."

"माझं पोर आत होतं," ती पुन्हा म्हणाली, या वेळी कुणालाच उद्देशून नाही.

पाटकऱ्यानं मान खाली घातली. डबेवाल्यानं डब्याच्या कडीत बोटं घातली. मुकादम फडकं पिळतच होता. खाली लाल ठिपका तसाच उभा होता, हात अजून तोंडापाशी, उत्तराची वाट बघत. हाळी दिली की मधल्या माणसानं ती उचलायची असते. धोंड्यावर बसायला लागल्यापासून धाकटीनं खालची कुठली हाळी खाली पडू दिली नव्हती. एक सोडून.

घाई नको, सासू कानात म्हणाली. तुझ्या मागं कुणी लागलेलं नाही.

लागलंय, आई, धाकटी मनात म्हणाली. आता लागलंय.

ती धोंड्यावर चढली. वर तलावाकडे तोंड केलं, जिथं आज चाकापाशी कुणी नव्हतं, आणि छातीतला सगळा वारा घालून हाळी दिली, "दार थांबवाऽऽ! आत माणूस आहेऽऽ! पाय अडकलाय! लेकरू आत आहेऽऽ!"

टेकाडानं ती एकदा परत दिली. थोरलीनं छातीवर हात घेतला.

मग धाकटी वळली, खाली मोरीकडे तोंड केलं आणि त्या दुसऱ्या बोलीत ओरडून सांगितलं, की मला ऐकू आलं, माझे बाई, मला ऐकू आलं. तोंडातून निघताना तिला स्वतःलाच ते परकं वाटलं. शब्द आईचे होते, पण जीभ आपोआप मागं वळत होती, टाळूला टेकत होती. आईच्या स्वच्छ बोलीत जागोजागी ळ येऊन बसला होता. पलीकडे कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं. खाली भट्टीवाली हसली नाही. तिनं हात तोंडापासून काढले आणि मटकन मोरीच्या कठड्यावर बसली.

धोंड्याजवळ उभी असलेली एक बाई नकळत पाऊलभर मागं सरली, आणि मग आणखी एक.

"धाकटे," पाटकरी हळू म्हणाला, "तुला हे कसं कळलं?"

"माझी आई मला याच बोलीत जेवायला हाक मारायची."

ती धोंड्यावरून उतरली. उतरताना कुणीतरी हात पुढं केला आणि पुन्हा मागं घेतला. ती थोरलीसमोर येऊन उभी राहिली. थोरलीचे डोळे तिच्यावर खिळले होते. त्यांत राग होता की विनवणी होती, की पुढचं बोलू नको असं होतं, कोण सांगणार.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "त्या दिवशी ती हेच ओरडली होती. शब्द न शब्द हेच. तुम्ही मला विचारलंत, काय म्हणतीय, आणि मी म्हणाले मला काय कळतंय त्यातलं. मला कळलं होतं. विडी अजून पेटलेली होती, आणि मला सगळं कळलं होतं."